वकील न लावता स्वतः दिवाळखोरीचा अर्ज टाकता येतो का? (जळगाव जिल्हा)

पिकअपवाला_यावल:
नमस्कार मंडळी. नाव नाही सांगत, यावल तालुक्यातला आहे एवढंच. जरा लांब लिहितो, वाचून घ्या आणि खरं काय ते सांगा, उपदेश नको, तो घरी रोज भेटतो.

२०२१ ला फायनान्सवर पिकअप घेतली, केळी भरायची, सावदा रावेर लाइनवर. पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग आमच्या पट्ट्यात केळीवरचा सीएमव्ही व्हायरस आला, लोकांनी बागा उपटल्या, माल कमी, भाडं कमी, वर एका व्यापाऱ्याकडे माझं भाडं अडकलं ते अडकलंच. हप्ते थकले, गाडी ओढून नेली आणि विकली, आता म्हणून राहिले अजून २ लाख १० हजार बाकी निघतात. पतसंस्थेचे ३ लाख घेतले होते ते व्याज धरून ४ लाख २० झाले, त्याला मामा आणि एक मित्र जामीनदार आहेत. बँकेचं पर्सनल लोन २ लाख ६० हजार. क्रेडिट कार्ड ९५ हजार. तीन ॲपवाल्यांचे मिळून ६८ हजार. एका खाजगी सावकाराचे दीड लाख, महिना ५ टक्क्याने, २२ महिने साडेसात हजार भरले म्हणजे १ लाख ६५ गेले आणि मुद्दल तिथल्या तिथेच. हातउसने १ लाख ८०. सगळे मिळून १४ लाखाच्या आसपास.

आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, १४ हजार भेटतात. दिवसाला तीस चाळीस फोन. एका माणसाने यूट्यूबवर पाहून सांगितलं दिवाळखोरी जाहीर कर, सगळं माफ होतं, त्याच्या ओळखीचा एजंट ४० हजारात मुंबईला एनसीएलटीत (कंपन्यांच्या केसेसचं न्यायाधिकरण) टाकून देतो म्हणतो. इकडे एका वकिलाला विचारलं तर त्याने ३५ हजार सांगितले. माझ्याकडे ३५ असते तर मी हे विचारलं असतं का?

तर स्वतः अर्ज टाकता येतो का, कुठे टाकायचा, आणि जेलात टाकतात का? घर वडिलांच्या नावावर आहे, शेती २ एकर वडिलोपार्जित. बायकोला अजून पूर्ण आकडा माहीत नाही.

झणझणीत_शेवभाजी:
भो, यूट्यूबवर तं टकलावर केस उगवायचं बी सांगतात. ४० हजार त्या एजंटला देऊ नको एवढं पहिले ऐक. बाकी जाणकार सांगतील.

साक्रीचा_पाव्हणा:
मी टाकलाय. स्वतः. वकील न लावता. धुळ्याला. म्हणून लिहून राहिलो.

आधी त्या एनसीएलटीचं. २०१६ चा जो नवा दिवाळखोरीचा कायदा आहे ना, त्यात साध्या माणसासाठी भाग लिहिलेला आहे पण तो आपल्यासारख्यांना अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जे स्वतः जामीन राहिले त्यांच्यापुरता चालू आहे. तू काही कंपनीचा डायरेक्टर नाहीस. म्हणजे तो एजंट एक तर अडाणी आहे नाही तर चोर.

आपल्याला लागतो तो १९२० चा, इंग्रजांच्या काळातला, प्रांतिक नादारी अधिनियम. मुंबई शहराला वेगळा आहे १९०९ चा, बाकी महाराष्ट्राला हा. कोर्टात दिवाळखोरी म्हणण्यापेक्षा नादारी म्हण, लवकर कळतं. अर्ज जिल्हा न्यायालयात, तू जिथे राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे तुझं जळगाव. काही ठिकाणी खालच्या कोर्टाला अधिकार दिलेले असतात म्हणून आधी फायलिंगच्या खिडकीवर विचारून घे. आणि हो, स्वतःची केस स्वतः चालवायचा हक्क प्रत्येकाला आहे, अर्ज मराठीत चालतो. कर्ज किमान किती पाहिजे माहितीये? ५०० रुपये. १९२० चे ५०० आहेत ते, कोणी बदललेच नाहीत.

अर्जात काय लिहायचं ते कायद्यात कलम १३ ला दिलेलं आहे. फेडू शकत नाही असं स्पष्ट वाक्य, राहण्याचा पत्ता, प्रत्येक देणेकऱ्याचं, म्हणजे ज्याचे पैसे तुला द्यायचे त्याचं नाव, पत्ता, रक्कम. मग तुझी स्वतःची सगळी मालमत्ता, तिची किंमत, ती कुठे आहे. ती कोर्टाच्या ताब्यात द्यायला तयार आहे असं कबूल करायचं. पूर्वी असा अर्ज केला होता का तेही. खाली सत्यापन, म्हणजे हे सगळं खरं आहे म्हणून सही.

ऐकायला सोपं वाटतं. माझं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान होतं, देणेकरी १४. पहिल्यांदा अर्ज परत आला कारण दोघांचे पत्ते "बसस्टँडजवळ" एवढेच लिहिले होते. दुसऱ्यांदा परत आला, बेरीज चुकली होती. आता हसू येतं, तेव्हा एसटीच्या तिकिटाचे पैसे मोजून जात होतो. तिसऱ्यांदा घेतला. मग सगळ्यांना नोटिसा, त्यातली दोन पाकिटं परत आली, पुन्हा पत्ता शोधा पुन्हा पाठवा. तारखा, तारखा, तारखा. पहिल्या तारखेला साहेबांनी विचारलं वकील कुठे, म्हटलं साहेब मीच. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हटले बरं, बोला.

नादार ठरवल्याचा हुकूम यायला मला १ वर्ष १० महिने लागले.

पिकअपवाला_यावल:
बापरे. भाऊ मग अर्ज टाकला की फोन तरी बंद होतात का? आणि जेल?

साक्रीचा_पाव्हणा:
नाही होत बंद. हीच गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. अर्ज टाकला म्हणून काही थांबत नाही, नादार ठरवल्याचा हुकूम झाला की मग देणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुझ्यावर वसुली करता येत नाही. तोपर्यंत मी सिम बदललं आणि घरच्यांना सांगून ठेवलं.

जेलचं म्हणशील तर नुसते पैसे नाहीत म्हणून जेलात टाकत नाहीत, असून देत नाही असं सिद्ध झालं तर वेगळं. सुप्रीम कोर्टाने १९८० ला हे सांगून ठेवलंय. अटकेची भीती असेल तर नादार ठरल्यावर संरक्षणाचा हुकूमही मागता येतो, कलम ३१.

पण चेक बाउन्सचं आहे का काही? ते फौजदारी आहे, नादारीने ते थांबत नाही. सावकाराला कोरे चेक दिले का रे?

पिकअपवाला_यावल:
दोन. सही करून. आणि शंभराचा स्टॅम्प.

नाना_वसुलीवाले:
मी पतसंस्थेत वसुलीला २६ वर्षं काढली, आता रिटायर आहे. तुमच्यासारख्या लोकांच्या दारात मीच उभा राहायचो तेव्हा मला शिव्या द्यायच्या असतील तर देऊन घ्या, मग पुढचं वाचा.

साक्रीच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली आणि तुमच्या केसमध्ये तीच मोठी आहे. तुमचे मामा. तुम्ही नादार ठरले, पुढे कोर्टाने तुम्हाला कर्जातून मोकळं केलं तरी जामीनदार मोकळा होत नाही. कायद्यात तसं सरळ लिहिलेलं आहे. पतसंस्था काय करते ते सांगतो, सहकार निबंधकाकडे १०१ चा, म्हणजे वसुलीच्या दाखल्याचा अर्ज करते, त्यात तुम्ही पहिले आणि जामीनदार दोन आणि तीन नंबरला. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीला निघतो आणि खरं सांगू का, आम्ही कर्जदाराकडे कमी जायचो, जामीनदाराकडे जास्त. कारण कर्जदाराकडे काही नसतं हे आम्हाला माहीत असायचं. जामीनदार मास्तर असेल तर पगार, शेतकरी असेल तर सातबारा. कित्येक मामा-भाच्यांचं बोलणं मी माझ्या डोळ्यांनी बंद झालेलं पाहिलंय.

तेव्हा तुम्ही नादारीचा अर्ज टाकण्याआधी मामांना जाऊन सांगा. कोर्टाची नोटीस वाचून त्यांना कळलं तर फार वाईट. आणि पतसंस्थेत जाऊन चेअरमनकडे नाही, मॅनेजरकडे एकरकमी परतफेडीची योजना चालू आहे का ते विचारा, व्याजात सूट मिळते कधी कधी. तोंडी काही ठरवू नका, लेखी घ्या, ठराव झाल्याशिवाय एक रुपया भरू नका.

गाडीचंही बघा. फायनान्सवाल्याने गाडी कितीला विकली त्याचा हिशोब लेखी मागा. २ लाख १० आले कुठून ते कळू तरी द्या. ओढून नेण्याचा खर्च, यार्डाचं भाडं, काय काय लावलेलं असतं.

तापीकाठची:
दादा, मी विधी सेवा प्राधिकरणात स्वयंसेवक आहे, वकील नाही, म्हणून जेवढं माझ्या कामात येतं तेवढंच सांगते.

तुम्हाला वकील लावायचा नाही असं नाहीये ना, वकिलाला द्यायला पैसे नाहीत असं आहे. मग फुकट वकील मिळतो. जळगावच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो, तुमचं १४ हजाराप्रमाणे १ लाख ६८ हजार होतं. महिलांना आणि अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना तर उत्पन्न न बघता मिळतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा, एक फॉर्म भरा, बस. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. तालुक्याच्या कोर्टातपण समिती असते, आधी तिथे गेलात तरी चालेल.

सावकाराचं मात्र नादारीत घालण्याआधी वेगळं बघा. त्याच्याकडे परवाना आहे का? महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६०, असं व्याज परवानावाला कागदावर लावूच शकत नाही. महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा आहे, विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे नाही तर जळगावला जिल्हा उपनिबंधकाकडे, सहकार खात्याचं ऑफिस. ते झडती घेऊ शकतात, त्यात तुमचे कोरे चेक आणि स्टॅम्प सापडले तर पुढचं भांडण निम्मं झालं. पैसे कसे दिले, फोनपे का रोख?

पिकअपवाला_यावल:
ताई १५ महिने फोनपे, बाकी रोख.

तापीकाठची:
मग स्टेटमेंट काढा आजच. आणि त्याला फोन करून काही बोलू नका आता.

ॲपवाले आणि बँकेचे वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना फोन करून बदनामी नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. आधी त्या कंपनीला लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, तेही फुकट. १४४४८ ला फोन केला तर मराठीत सांगतात. कॉलचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

झणझणीत_शेवभाजी:
ताई एक शंका. १४ लाखाचं कर्ज आणि महिना १४ हजार पगार, मग बँक वाले पर्सनल लोन देताना झोपले होते का? प्रश्न कायद्याचा नाहीये, असंच.

नाना_वसुलीवाले:
नव्हते झोपले. टार्गेट होतं.

साक्रीचा_पाव्हणा:
आता मालमत्तेबद्दल सांगतो कारण इथेच लोक फसतात. मी फसता फसता वाचलो.

घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते हयात आहेत तोवर तुझं नाही, ते तुझ्या यादीत येत नाही. पण वडिलोपार्जित २ एकरात तुझा हिस्सा निघतो, तो दाखवावा लागतो. लपवशील तर हाच कायदा एक वर्षापर्यंत कैद सांगतो. नादार ठरलास की तुझी मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, तो विकून देणेकऱ्यांत वाटतो.

सगळंच जात नाही पण. दिवाणी संहितेच्या कलम ६० मध्ये जे जप्त होत नाही ते राहतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकरी असशील तर अवजारं, बैल, बियाणं आणि राहतं घर. माझं रिवाइंडिंगचं मशीन आणि पान्हे तसेच राहिले त्याच्यावरच आज पोट चालू आहे. जमीन मात्र त्यात येत नाही.

बायकोचं सोनं हे तिचं, माहेरून आलेलं, तिच्याकडेच. पण आता घाईघाईने काही तिच्या नावावर करू नको. मी अर्जाच्या आठ महिने आधी माझी मोटारसायकल भावाच्या नावावर केली होती, खरंच त्याला वापरायला दिली होती, काही डाव नव्हता. बँकेच्या वकिलाने पिंजऱ्यात उभं करून पाऊण तास तेच विचारलं. कितीला दिली, पैसे कुठे आहेत, पावती दाखवा. मागच्या दोन वर्षांत अशी फुकट दिलेली वस्तू कोर्ट परत ओढू शकतं. आणि शेवटच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला मुद्दाम मोठी रक्कम दिली तरी ती रद्द होऊ शकते. मी सरळ सांगून टाकलं साहेब चूक झाली, गाडी यादीत घ्या. घेतली, ११ हजाराला गेली. पण त्या दिवसानंतर साहेबांचा माझ्यावर विश्वास बसला असं मला वाटतं, नाहीतर वकील नसलेल्या माणसाचं कोण ऐकतं.

झणझणीत_शेवभाजी:
आणि नादार झाल्यावर आयुष्यभर नादारच का?

साक्रीचा_पाव्हणा:
नाही ना. दोन पायऱ्या आहेत. पहिली नादार ठरणं. त्या हुकुमातच लिहिलेलं असतं की अमुक मुदतीत मोकळं करण्याचा अर्ज कर. ती तारीख चुकली की सगळं रद्द, आणि पुन्हा अर्ज टाकायला कोर्टाची परवानगी लागते. मी ती तारीख घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली होती.

मोकळं करताना कोर्ट तुझं वागणं बघतं. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसतील, वह्या ठेवल्या नसतील, सट्टा लावला असेल तर सरळ सुटका मिळत नाही, अटी घालतं नाहीतर लांबवतं. पण मालमत्ता कमी पडली त्यात तुझा दोष नव्हता हे पटवून दिलंस तर तो मुद्दा बाजूला राहतो, म्हणून सीएमव्हीचे आणि अडकलेल्या भाड्याचे कागद जपून ठेव. मला दीड वर्ष महिन्याला २ हजार भरायची अट घातली, भरले. आणि सरकारी देणं, फसवणुकीचं देणं, पोटगी हे तेव्हाही सुटत नाही.

मोकळा होईपर्यंत एक गंमत आहे, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा त्यावर उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

झणझणीत_शेवभाजी:
५० रुपये?? म्हणजे टपरीवर दोन चहा आणि समोसा उधार घेताना बी सांगायचं, भो मी नादार शे?

साक्रीचा_पाव्हणा:
कायद्याने हो. मी सरळ उधारीच बंद केली. आणि राजपत्रात नाव येतं. निवडणुकीला उभं राहता येत नाही, ग्रामपंचायत धरून. गावात कळतंच. आखाजीला बहिणीकडे गेलो तर पाव्हणे कुजबुजत होते, दुसऱ्या वर्षी विसरले, कारण दुसऱ्या कोणाचं तरी काही निघालं होतं.

पिकअपवाला_यावल:
चार दिवस काही लिहिलं नाही त्याबद्दल सॉरी. तुम्ही सांगितलं तसं यादी करायला बसलो. वहीत नाव, पत्ता, रक्कम, कधी घेतले, कागद आहे का. १४ लाख समजत होतो, त्यात टायरवाल्याचे १८ हजार, भिशीचे ३५ आणि शालकाचे ४० धरलेच नव्हते. १४ लाख ७६ हजार झाले. यादी बायकोसमोर ठेवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली शालकाचे ४० नाहीत, ५० आहेत, दहा मी घेतले होते तुम्हाला न सांगता.

मामांकडे पण गेलो. चहा दिला नाही. पण शेवटी निघताना म्हणाले पतसंस्थेत मी येतो सोबत.

सावकाराची तक्रार लिहून दिली, पोच घेतली. त्याचा निकाल लागेपर्यंत नादारी थांबवावी का? आणि हातउसने ज्याला कागदच नाही ते पण यादीत टाकायचे का, त्यातले दोघं म्हणतात आमचं नाव कोर्टात नको.

तापीकाठची:
थांबवायचं का ते विधी सेवेतून जो वकील मिळेल त्याला ठरवू द्या, पतसंस्थेची तडजोड झाली तर आकडाच बदलेल. सावकाराचं लपवू नका मात्र, रक्कम वादात आहे आणि तक्रार दिली आहे असं यादीत लिहिता येतं.

साक्रीचा_पाव्हणा:
हातउसने सगळे टाक. त्या दोघांची नावं तर नक्की. नाव राहिलं तर त्याला नोटीस जात नाही, आणि उद्या तोच उभा राहून म्हणतो मला लपवून केलं. माझ्या यादीत माझ्या सासऱ्याचं नाव होतं. आले होते तारखेला, डबा घेऊन.

पिकअपवाला_यावल:
ठीक आहे. उत्पन्नाचा दाखला सेतूत टाकलाय, सोमवारी भेटेल. गुरुवारी सुट्टी मागितली आहे मालकाला, ११ वाजता जळगावला जातो. झेरॉक्स किती नेऊ?

तापीकाठची:
आधार, रेशन कार्ड, दाखला, नोटिसा, प्रत्येकाचे दोन संच. यादीचा मात्र एकच ने आणि कच्ची ने, पेन्सिलीने लिहिलेली. तिथे बसून बदल होतातच.